मेसेज नको, माणूस पाठवा

अंजुम, तुझ्या त्या ओळीवरून परत वाद निघाला आहे. या वेळी तो मी काढलेला नाही. पुण्याचा एक तपासनीस आपल्या सगळ्या टूलांची वर्णनं वाचतो आहे आणि त्याला सोमवारपर्यंत ती छाटून, आटोपशीर करून हवी आहेत. तुझ्या ओळीला त्यानं पिवळा रंग लावला आहे आणि बाजूला अगदी सभ्यपणे विचारलं आहे, की ही ओळ टूलच्या वर्णनात बसत नाही, काढू या का? माणूस वाईट नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं, आणि तुला माहीतच आहे, मी विचारलंही होतं.

ओळ कुठली ते तुला सांगायला नको. मुदतीची सूचना पाठवणाऱ्या टूलच्या वर्णनात, सगळ्यात शेवटी, तू लिहिलं आहेस: "ज्या घरी मयत झाली असेल तिथे हे टूल वापरू नका. मेसेज नको, माणूस पाठवा. कोण जाणार ते ऑफिसला विचारा. जाणाऱ्यानं आधी बसावं, कामाचं त्या घरानं काढलं तरच बोलावं." ओळ म्हणायची, पण आहेत चार वाक्यं. हा माझा तेव्हाचाच मुद्दा होता.

ती ठेवायची की काढायची, हे आता मला ठरवायचं आहे. तू असतीस तर ठरवायला काही उरलं नसतं, भांडून तू मला थकवलं असतंस आणि ओळ राहिली असती. आता समोरून कोणी भांडत नाही, त्यामुळे काम उलट अवघड झालं आहे.

कंपनीनं मला तुझ्याबद्दल चार शब्द लिहून मागितले होते. जन्म, शिक्षण, अनुभव आणि "मनमिळाऊ स्वभाव". मी दिले नाहीत. मनमिळाऊ तू नव्हतीस. बुलढाण्याच्या त्या एका खोलीत आपण दोघी बसायचो, खाली झेरॉक्सचं दुकान, वर आपण, आणि तुझा आवाज खालपर्यंत जायचा. झेरॉक्सवाला एकदा मला म्हणाला होता, मॅडम, तुमच्या मैत्रिणीचं नि तुमचं काही जमिनीचं वगैरे चालू आहे का. मी म्हटलं, नाही, स्वल्पविरामाचं.

काम काय होतं ते कुणाला सांगितलं तर पटत नाही, म्हणून मी हल्ली सांगत नाही. आईला मात्र एकदा समजावून सांगितलं होतं. जानेफळ, सुलतानपूर, मोताळा, अशी कंपनीची गोदामं. शेतकरी सोयाबीन, तूर, हरभरा आणून ठेवतात, भाव आला की काढतात. त्यांचे फोन, मेसेज, विचारणा यांना आता एक एआय एजंट उत्तर देतो. तो नुसता बोलत नाही, कामंही करतो: पावती शोधतो, मालाची मुदत पाहतो, मुदत संपत आली की सूचना पाठवतो. ही कामं करायची छोटी छोटी टूलं मी बांधायची. पण एजंटला टूल आतून दिसत नाही. त्याच्याजवळ जे वर्णन लिहून दिलेलं असतं तेवढंच त्याला दिसतं, आणि ते वाचून तो ठरवतो की काय, कधी, कसं वापरायचं. ते वर्णन तू लिहायचीस. आई म्हणाली, म्हंजे तू गाडी बनवते अन् थे रस्ता सांगते. मी म्हटलं, साधारण तसंच.

सुरुवातीला वर्णनंही मीच लिहीत होते. तू आलीस आणि पहिल्याच दिवशी माझ्या वजनाच्या टूलवर बोट ठेवलंस. मी लिहिलं होतं, "वजन: मालाचे वजन." तू विचारलंस, कशात? मी म्हटलं, क्विंटलमध्ये, अजून कशात. तू म्हणालीस, तुझा बाप कशात सांगतो? माझा बाप पोत्यात सांगतो. सगळा जिल्हाच पोत्यात सांगतो. एजंटनं एका शेतकऱ्याचा पोत्यांचा आकडा क्विंटल म्हणून टाकून ठेवला होता आणि त्या बिचाऱ्याचा माल कागदावर दीडपटीहून जास्त वाढला होता. टूल बरोबर होतं, एजंटही हुशार होता, फक्त कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा तू ते नव्या सुनेचं सांगितलंस, जे मग तू दर आठवड्याला सांगत राहिलीस आणि मला त्याचा कंटाळा आला. सून हुशार असते, शिकलेली असते, स्वयंपाक तिला येतो. पण घर तिला नवं असतं. तिला मिठाचा डबा दाखवून भागत नाही, कोणत्या डब्याला हात लावायचा नाही तेही सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ती थांबून राहत नाही, माहेरच्या रीतीनं करून मोकळी होते. "अन् मंग आपण तिलेच बोल लावतो," तू म्हणायचीस. स्वतः लग्नाला उभी न राहिलेली बाई सुनांची एवढी बाजू घेते याचं मला हसू यायचं. पण खरं सांगायचं तर हे इतकं नेमकं मला दुसऱ्या कोणी सांगितलेलं नाही.

माझे चुकांचे निरोपही तू बदललेस. टूलला काही सापडलं नाही की माझं टूल म्हणायचं, "अवैध माहिती." तू म्हणालीस, चुकलं एवढं सांगून तोंड फिरवणारा तलाठी आणि तुझं टूल एकाच माळेचे मणी. मग तू लिहिलंस, "या क्रमांकाची पावती नाही. शेतकऱ्याचं नाव आणि गाव घेऊन शोधा. एका नावाचे दोघे निघाले तर विचारा, अंदाज करू नका." त्या दिवसापासून एजंट तेच तेच चुकीचं परत परत करायचा थांबला. मी तुझं कौतुक केलं नाही. फरक पडला आहे, एवढं म्हणाले. तुला तेवढं पुरायचं, की मला तसं वाटायचं, हे आता विचारता येत नाही.

आणि तुझी ती तपासायची पद्धत. वर्णन लिहून झालं की नवं सत्र उघडायचं, एजंटला त्या मजकुराशिवाय काही द्यायचं नाही, आणि आपण दोघींनी गप्प बसायचं. मला गप्प बसवत नसे. तो चुकीच्या टूलकडे वळला की माझा हात की-बोर्डकडे जायचा आणि तू तो बाजूला सारायचीस.

"काऊन वं रेखे, तू काय दर टायमाले त्याच्या बाजूले बसणार हायेस? लिहिणारा बाजूले नसते, असं धरून लिहा लागते."

तेव्हा मला ते कामाचं वाक्य वाटलं होतं. कामाचंच होतं ते.

आता जानेफळचं. हे माझ्या गावचं, त्यामुळे तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत असायला हवं होतं. तुळशीरामकाका गेले. म्हातारं माणूस, गोदामात त्यांचं सोयाबीन होतं. गोदामाचे सगळे जण मातीला गेले, त्या दिवशी अर्धा दिवस गोदाम बंद होतं, माझे वडील खांदा द्यायला होते. गावातल्या कुत्र्यामांजरालासुद्धा ठाऊक होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या फोनवर मेसेज गेला: आपल्या मालाची मुदत संपत आली आहे, कृपया माल उचलावा किंवा मुदत वाढवून घ्यावी. उत्तर आलं नाही म्हणून तिसऱ्या दिवशी परत. मग परत. दरवेळी नमस्कार, दरवेळी आपला विश्वासू. काकांचा मुलगा गजानन तेराव्याची वाटसुद्धा न पाहता ट्रॅक्टर घेऊन गोदामात आला. त्यानं आवाज चढवला नाही. पोती भरली आणि जाताना एवढंच म्हणाला, "मयतीच्या घरी कोणी तगादा लावते काय?"

चूक कोणाची, यावर आपलं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणत होते, एजंट चुकला नाही. मुदत संपत होती, टूल सूचना पाठवण्यासाठीच आहे, त्यानं पाठवली. गोदामवाल्यांनी खात्यावर काही नोंदवलं नव्हतं. तू म्हणत होतीस, काय म्हणून नोंदवतील? ज्या गोष्टीसाठी सगळं गाव उठून गेलं ती कोणी लिहून ठेवतं का? आपल्याकडे जे सगळ्यांना माहीत असतं ते कोणीच सांगत नाही, आणि नेमकं तेच या नव्या सुनेला माहीत नसतं. हे तुझं बरोबर होतं. पण मग मी विचारलं की अशा सगळ्याच गोष्टी लिहायला बसलो तर वर्णन संपणार कुठे, आणि एजंटनं वाचायचं किती? त्यावर तू विषय बदललास आणि म्हणालीस, चल, जानेफळला जाऊ.

गेलो. मी गोदामात बसून कुठला मेसेज कधी गेला ते तपासत राहिले, ते माझं काम होतं. तू तुळशीरामकाकांच्या घरी गेलीस. तू त्या घरातलं कोणाला ओळखत नव्हतीस. मी मागाहून बोलवायला आले तेव्हा तू ओसरीवर काकूंच्या जवळ बसली होतीस, डोक्यावरून ओढणी घेतलेली, आणि तुम्ही दोघी बोलत नव्हतात. गजानन भिंतीला टेकून उभा होता. निघताना काकूंनी तुझा हात धरून सोडला. परतीच्या बसमध्ये मी विचारलं, काय म्हणालीस त्यांना? तू म्हणालीस, काहीच नाही, नुसतं जाऊन बसलं की होते. मेहकर येईपर्यंत तू खिडकीबाहेर पाहत होतीस आणि दुसऱ्या दिवशी ती ओळ लिहिलेली होती.

ओळ चालायची तर एजंटला मयतीची खबर कुठेतरी मिळायला हवी. त्यासाठी तू माझ्याकडून प्रत्येक खात्यावर एक नवा रकाना करून घेतलास, नाव "खबर". मी तोंड वाकडं करून केला. माहितीच्या साठ्यात दुःखाचा रकाना, असं मी म्हणाले होते. गोदामवाल्यांनी मात्र तो असा उचलून धरला की विचारू नको. पोरीचं लग्न ठरलं, नातू झाला, विहिरीला पाणी लागलं, सगळं त्यात. एकदा सुलतानपूरच्या एका खात्यावर आलं, "बैल मेला." एजंटनं तिथला मेसेज थांबवला आणि ऑफिसला विचारलं की ही मयत धरावी का. मी पोट धरून हसले आणि तुला म्हणाले, बघ, तुझं वर्णन किती मोघम आहे ते, कोणाची मयत ते लिहायला नको होतं?

तू हसली नाहीस. "विचारलं ना सुनेनं? जे समजत नाही ते विचारलं, तिथं आपलं लिहिणं पास झालं." मग म्हणालीस, "अन् त्याच्या घरी आज चूल पेटली नसन, पाह्य." तू तिथल्या गोदामवाल्याला फोन लावलास. पेटली नव्हती.

दवाखान्यातल्या त्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. पण तू तिथून जे फोटो पाठवत होतीस ते अजून माझ्या फोनमध्ये आहेत. तुझा एकही नाही. पलंगाशेजारच्या पाटीचा, "गरज भासल्यास बटण दाबा." खाली तुझी टीप: दाबल्यावर काय होतं ते लिहिलं नाही, कोण येतं ते नाही, नाही आलं तर काय करायचं ते नाही. सलाईनच्या स्टँडवरच्या स्टिकरचा. औषधाच्या चिठ्ठीचा, ज्यावर "जेवणानंतर" होतं आणि तुझा प्रश्न होता, जेवण गेलंच नाही तर? मी त्यावर हसण्याचे चेहरे पाठवत राहिले. तो प्रश्न तू कामाचा म्हणून विचारत नव्हतीस हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

त्याच दिवसांत मी वर्णनं थोडी छाटून तुझ्याकडे पाठवली होती. पुण्याहून तसं सुचवणं आलंच होतं. ती ओळ मी चारांवरून एका वाक्यावर आणली होती: "मयतीची खबर असल्यास सूचना पाठवू नये." मला वाटलं, अर्थ तोच, जागा कमी. तुझं उत्तर संध्याकाळी आलं, दोनच शब्द. "आल्यावर भांडू."

मला त्या दोन शब्दांचा राग आहे. तुझा नाही, शब्दांचा. इतर कशावरून नाही इतकं मला त्यांच्यावरून वाटतं की तू मला फसवलंस.

तू गेलीस त्या दिवशी मी तुझ्या गावी, रोहिणखेडला आले होते. हे तुझ्या अब्बांना, चाचांना, माहीत नाही. राजूरचा घाट उतरून मोताळ्यावरून पोचले तेव्हा अंगणात माणसं भरलेली होती, आत बायका. मी फाटकाशी उभी राहिले. तुला नेलं तेव्हा मी पाहिलं. गर्दी थोडी सरली, आत जायला वाट झाली, एका बाईनं ये म्हणून हातही केला, आणि मी बसस्टँडवर निघून आले. तुझ्या अब्बांना काय म्हणायचं, अम्मी नसलेल्या घरात कोणाजवळ बसायचं, हे मला कळत नव्हतं. मी लिहून दिल्याप्रमाणे चालणारी बाई आहे आणि त्या ठिकाणी मला कोणी काही लिहून दिलेलं नव्हतं. त्यानंतर मी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, आता इतक्या दिवसांनी कोणत्या तोंडानं जाऊ, हा हिशोब तुला कळेल.

परवा मी तुझ्याच पद्धतीनं तपासणी लावली. एकीकडे पुण्याच्या माणसाचं छाटलेलं वर्णन, त्यात तुझी ओळ नाही. एकीकडे तुझं जसंच्या तसं. दोन्ही वेळा एजंट नवा, खाती तीच, मेसेज फक्त तयार होतील पण बाहेर जाणार नाहीत अशी सोय. मी हात मांडीवर ठेवून बसले.

छाटलेल्या वर्णनावर काम भराभर झालं, हे मान्य कर. एजंटनं सगळी खाती पाहिली आणि सूचना तयार केल्या, सुबक, अदबशीर. मी त्या वाचत खाली आले. मोताळा गोदाम, सोयाबीन, रोहिणखेड. तुझ्या अब्बांचं नाव. "नमस्कार. आपल्या मालाची मुदत संपत आली आहे." चाचा मेसेजच्या भानगडीत पडत नाहीत, म्हणून खातं उघडताना तू तुझा नंबर दिला होतास. मेसेज तुझ्या नंबरवर जायला तयार होता.

मग तुझ्या वर्णनावर लावलं. याला वेळ लागला, याचीही नोंद घे. रोहिणखेडच्या खात्यावर तो थांबला. खबरीच्या रकान्यात मोताळ्याच्या गोदामातल्या विजयभाऊंनी लिहिलं होतं, "मुलगी वारली." एवढंच. एजंटनं मला लिहिलं: "या घरी मयत झाल्याची खबर आहे. मेसेज तयार केलेला नाही. माणूस पाठवावा लागेल. या घरी कोण जाणार?"

मी विजयभाऊंचं नाव लिहिणार होते. गोदाम त्यांचं, गाव त्यांना जवळ, रीतीप्रमाणे तेच जातात. नाव अर्धं लिहून झालं होतं. मग मी ते खोडलं आणि माझं लिहिलं.

काल दुपारी गेले. चाचा त्यांच्या किराणा दुकानातच होते, गल्ल्यामागे, समोर गिऱ्हाईक नाही. मला पाहून उठले आणि आतली खुर्ची काढून दिली. म्हणाले, "ये बेटा. बस." मी बसले. त्यांनी शेजारून चहा मागवला. मी विचार करून ठेवलेली वाक्यं होती, बसमध्ये जुळवलेली, त्यातलं एक निघालं नाही. रस्त्यावरून एक बाई गेली, तिनं आत पाहिलं, चाचांनी मान हलवली.

तुझा फोन गल्ल्याशेजारी चार्जिंगला लावलेला होता. मी त्याच्याकडे पाहतेय हे त्यांनी पाहिलं.

"बंद नाही करत मी," ते म्हणाले. "कोणाचं काही येते. रिचार्जवाल्याचं येते, बँकेचं येते. वाजला की मी उठतो. मंग ध्यानात येते."

परवा त्या फोनवर काय यायचं राहिलं होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. हातातला कप मी खाली ठेवला. मला रडू आलं, अंजुम. दुकानात, गिऱ्हाईकाच्या खुर्चीत. चाचांनी दुसरीकडे पाहिलं, मला वेळ दिला, मग टॉवेल पुढे केला. तो टॉवेल मिरचीच्या पोत्यावरचा होता, त्यामुळे डोळे आणखी वाहायला लागले. चाचांना ते कळलं आणि ते कसनुसं हसले, मीही हसले.

मग त्यांनी विचारलं, "गोदामाकडून आली काय? कोणं पाठवलं तुले?"

मी खरं तेच सांगितलं. "अंजुमनं."

त्यांनी मान हलवली. "हाव," ते म्हणाले. "ते पाठवतेच."

त्यानंतर आम्ही दिवस कलेपर्यंत बसलो. एक-दोन गिऱ्हाइकं आली, साखर घेऊन गेली. तुझ्या लहानपणीचं त्यांनी एक सांगितलं, दुकानातल्या सगळ्या डब्यांवर तू चिठ्ठ्या चिकटवल्या होत्यास, आणि तिखटाच्या डब्यावर नाव नव्हतं, "डोळ्याले हात लावू नका" एवढंच होतं. सोयाबीनचं त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. मुदत मी ऑफिसमधून वाढवून घेतली, तेवढा अधिकार माझ्याकडे आहे.

आज पुण्याला फाइल पाठवली. आपलं भांडण मिटलं असं समजू नकोस. लांबीबद्दल मी अजूनही बरोबर आहे. पावती शोधण्याच्या वर्णनातली तुझी पाच वाक्यं मी उडवली, वजनाच्या वर्णनातला एक दाखला उडवला, एजंट त्यांच्याशिवाय नीट चालतो, मी लावून पाहिलंय. तू असतीस तर खालच्या झेरॉक्सवाल्यानं आज काम बंद ठेवलं असतं. त्या चार वाक्यांचा पिवळा रंग मात्र मी काढला आणि पुण्याच्या माणसाला कळवलं की हे टूलचंच वर्णन आहे, हे टूल कुठे थांबतं त्याचं.

आणि तुला न विचारता एक केलं. तू लिहिलेलं एजंट जाणाऱ्या माणसाला वाचून दाखवतो. तिथे एक गोष्ट राहून गेली होती, कारण तुला तिची कधी गरज पडली नसावी. म्हणून तुझ्या चार वाक्यांखाली मी माझं पाचवं जोडलं आहे. हो, मजकूर वाढला. "जाणाऱ्याला काय बोलावं ते सुचत नसेल, तरी जावं."